अमेरिका : विशेष संदर्भ नाशिक जिल्हा

आमच्या महाविद्यालयातील प्रा. योगिनी माळोदे यांनी पीएच.डी.साठी 'अमेरिकेतील ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार विक्रेत्यांचा इतिहास' हा विषय घेतला, यात वावगे काही नव्हते. विषय कोणता तरी घ्यावाच लागतो. बाई अकरा वर्षे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होत्या, म्हणजे तास झाला तर मोबदला आणि सुट्टी आली तर नुसती सुट्टी. तीन वर्षांनी विभागातले एक सर निवृत्त होणार होते. त्यांच्या कायम जागेसाठी पीएच.डी. हवी होती. ही जागा हुकली तर पुढची निघेपर्यंत योगिनीबाई स्वतःच निवृत्तीच्या वयाला पोचतील, असा आमच्या हेडक्लार्कचा अंदाज होता. त्यांचे अंदाज सहसा चुकत नाहीत.

मी तिथला ग्रंथपाल. संशोधनाशी माझा संबंध प्रबंध कपाटात ठेवून कुलूप लावण्यापुरता असल्याने मी हे सगळे अगदी तटस्थपणे सांगू शकतो.

योगिनीबाईंचे घर फुलशेतीवाल्यांचे. त्यांना नाशिकच्या फुलबाजाराचा इतिहास लिहायचा होता. पण त्यांचे मार्गदर्शक डॉ. कोशिरे सर म्हणाले की फुलांवर चार प्रबंध होऊन गेले आहेत आणि चारही सुकले. सरांची मुलगी दिशा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या नवऱ्याने तिथे साठ वर्षांपूर्वीची एक लाल, दोन आसनी, बिनटपाची ब्रिटिश गाडी घेतली होती आणि ती मुळात कुणी विकली असावी, याचे त्याला कुतूहल होते. जावयाचे कुतूहल ही आपल्याकडे साधी गोष्ट नसते. रविवारच्या व्हिडिओ कॉलनंतर सरांनी योगिनीबाईंना बोलावून सांगितले की या विषयावर नाशिकमध्ये अजून कुणीही काम केलेले नाही. ते शंभर टक्के खरे होते.

संशोधन मान्यता समितीने विषयाची मौलिकता मान्य केली. मात्र शीर्षकात 'विशेष संदर्भ नाशिक जिल्हा' हे शब्द नसल्याची गंभीर त्रुटी काढली. हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. उद्या कुणी चंद्रावर प्रबंध लिहिला, तर त्यालाही येवला तालुक्यातल्या चंद्राचे स्वतंत्र प्रकरण जोडावे लागेल. योगिनीबाईंनी नम्रपणे निदर्शनास आणले की हे विक्रेते अमेरिकेत होते. अध्यक्ष महोदय तितक्याच नम्रपणे म्हणाले, "मॅडम, अमेरिका कुठं पळून जात नाही. नाशिक आधी करा. शंभर प्रश्नावल्या, जिल्ह्यातल्याच."

दुसरी कुणी असती तर तिथेच शंभर खोट्या सह्या करून मोकळी झाली असती. योगिनीबाईंची अडचण अशी की त्यांना विषय आवडू लागला होता. जावयाच्या गाडीवर विक्रेत्याच्या नावाची छोटी पितळी पट्टी होती. तिच्यावरून शोध घेत त्या थेट त्या विक्रेत्यापर्यंत पोचल्या. वॉल्टर नावाचे एक्क्याण्णव वर्षांचे गृहस्थ. आधी टायरचे दुकान चालवायचे, विलायतेतल्या लष्करी तळांवरून परतलेल्या पोरांना तिथे पाहिलेल्या गाड्यांची चटक लागली म्हणून टायर बाजूला सारून दोन गाड्या आणल्या, आणि पुढे तेवीस वर्षे त्याच विकल्या. त्यांनी योगिनीबाईंना हाताने लिहिलेली चौदा पत्रे पाठवली.

ती पत्रे घेऊन बाई मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यायच्या आणि मला वाचून दाखवायच्या. गिऱ्हाईक आले की वॉल्टर त्याला आधी घरी पाठवायचे. गाडीत दोनच माणसे बसतात, तेव्हा कोणती दोन हे ठरवून या, म्हणायचे. एखादा सुटा भाग इंग्लंडहून बोटीने यायला महिने लागायचे. तोवर गाडी बंद आणि गिऱ्हाईक रोज दुकानात येऊन बसलेले. त्या बसण्यातून दोन लग्ने जमली. पाऊस आला की गाडीवर ओढायच्या कापडी छतातून पाणी गळायचे, आणि त्याबद्दल तक्रार करणाऱ्याला वॉल्टर सांगायचे की पाणी आत येते तसे बाहेरही जाते, काळजी नको. मी तीस वर्षे पुस्तकांत काढली, पण इतिहास ऐकताना खुर्ची पुढे ओढून बसावेसे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. त्या पत्रांचे तिसरे प्रकरण झाले. ते उत्तम होते, हे मी शपथेवर सांगतो.

प्रश्नावल्यांचे काम बाईंनी नाशिकच्या द्वारका चौकापासून सुरू केले. तिथे फकिराभाऊ जुन्या गाड्या विकतात. 'अमेरिकन ग्राहकांचा प्रतिसाद कसा होता' या प्रश्नापाशी ते थांबले आणि म्हणाले, "ताई, आपण कधी मालेगावच्या पुढं गाडी इकली नाय. कशावर टिक मारू?" बाईंनाही ते ठाऊक नव्हते. शेवटी फकिराभाऊंनी 'ब', म्हणजे 'साधारण', वर टिक मारली, कारण 'अ' म्हटले तर बढाई वाटते आणि 'क' म्हटले तर कुणाचा तरी धंदा बुडतो. खाली त्यांनी दुकानाचा गोल शिक्काही मारला.

द्वारकेवर चारच मिळाल्या. दोन मी भरल्या. उरलेल्या बाईंचे वडील सावळीराम आप्पा मार्केटयार्डात घेऊन गेले. मुलीची जागा अडलीय म्हटल्यावर शेतकऱ्यांनी भाजीचे लिलाव सोडून फॉर्म भरले, व्यापाऱ्यांनी शिक्के दिले. हे प्रेम खरे होते, त्यात खोट काढायची माझी हिंमत नाही. पण आप्पांना प्रश्नावलीत एक मोठी उणीव दिसली. ते म्हणाले, "गाडीचं एवढं इचारलं, आन भरती किती ते नाय इचारलं? टमाट्याचे कॅरेट किती बसतेत, त्याच्यावर तर गाडी चालती." आणि त्यांनी हातातल्या सगळ्या फॉर्मवर पेनाने भाजीच्या पेट्यांचा, म्हणजे कॅरेटचा, सव्विसावा प्रश्न वाढवला : बारा कॅरेट बसतात का? बाईंनी फॉर्मवर गाडीचा फोटो छापला होता. यार्डातल्या जाणत्या माणसांनी तो नीट न्याहाळला आणि एकमुखाने 'नाही' असे लिहिले.

प्रबंधाच्या मसुद्यावर समितीचा अभिप्राय आला. प्रश्नावल्यांचे प्रकरण आदर्श होते : कोष्टके, टक्केवारी, दशांश चिन्हानंतर दोन स्थळे. तिसऱ्या प्रकरणाला मात्र आधार नव्हता. एकट्या वृद्ध व्यक्तीच्या आठवणी हा पुरावा होत नाही, शिवाय पत्रांवर शिक्का नाही.

योगिनीबाईंनी वॉल्टरना शिक्क्यासाठी लिहिले. त्यांना आधी ते समजलेच नाही. दुकान बंद होऊन चाळीस वर्षे लोटली आणि शिक्का त्यांनी कधी केलाच नव्हता, लोक सहीवर विश्वास ठेवायचे. तरी बाईंचे काम अडू नये म्हणून त्यांनी काठी टेकत जाऊन चर्चच्या पाद्रींची सही आणली. समितीने ती नाकारली. पाद्री राजपत्रित अधिकारी नव्हते.

"सर, हा माणूस खरा आहे हो," योगिनीबाई कोशिरे सरांना म्हणाल्या.

"असेल ना," सर म्हणाले. ते मनाने वाईट नाहीत. "पण तो खरा आहे हे आपल्याला माहीत आहे, समितीला नाही. जूनच्या आत पदवी पाहिजे की नको? ते प्रकरण काढ. पुढं कधीतरी स्वतंत्र पुस्तक कर."

बाईंनी त्या दुपारी ग्रंथालयातल्या संगणकावर तिसरे प्रकरण काढून टाकले. मग बराच वेळ टेबलावर डोके टेकून रडल्या. मी पंखा वाढवला. मला वाईट वाटले, पण काढू नका असे काही माझ्या तोंडून निघाले नाही. कायम नोकरीतला माणूस असे सल्ले द्यायला नेहमीच मोकळा असतो, आणि तेवढी लाज मला होती.

प्रबंधाचा निष्कर्ष असा झाला : 'अमेरिकेतील ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या विक्रीत झालेली घट ही प्रामुख्याने सदर वाहनात टोमॅटोचे बारा कॅरेट मावत नसल्यामुळे झाल्याचे ९४.०० टक्के प्रतिसादकांच्या मतावरून सिद्ध होते.' मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी या निष्कर्षाची व्यवहाराशी असलेली नाळ वाखाणली आणि संध्याकाळी द्राक्षबागा पाहायला वेळ मिळेल का, एवढाच प्रश्न विचारला. बाई डॉक्टर झाल्या. जूनमध्ये कायम झाल्या. आप्पांनी यार्डात पेढे वाटले आणि मीही दोन खाल्ले.

पुढे प्रबंधाचे पुस्तक निघाले. वॉल्टरनी एक प्रत मागवली होती, ती बाईंना पाठवावीच लागली. त्यांच्या नातीने मोबाईलवर भाषांतर करून त्यांना ते सगळे वाचून दाखवले. तीन महिन्यांनी त्यांचे पत्र आले. बाईंनी ते माझ्या टेबलाशी उभ्यानेच वाचले.

त्यांनी लिहिले होते : 'पुस्तक फार सुंदर आहे. माझे दुकान गंजामुळे आणि सुट्या भागांच्या उशिरामुळे बंद पडले, असे मी इतकी वर्षे सांगत आलो. पण माझ्याकडे फक्त आठवणी आहेत, तुमच्याकडे आकडे आहेत. विचार केल्यावर आता मलाही आठवते, एक बाई टोमॅटोबद्दल काहीतरी विचारत असत. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या माहितीपुस्तिकेत मी तशी दुरुस्ती करायला लावली आहे. पुस्तकात माझे नाव शोधले, ते दिसले नाही. बहुधा मी तितका महत्त्वाचा विक्रेता नसेन.'

बाईंनी पत्राची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि तासाला निघून गेल्या. आता त्यांचा तास चुकला तरी पगार चुकत नाही, पण त्या एकही तास चुकवत नाहीत.

इथवर वाचून तुम्ही त्या म्हाताऱ्याला हसला असाल. त्याने निदान स्वतःच्या दुकानाबद्दल तरी चूक मान्य केली. परवा चहाच्या टपरीवर तुम्ही चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा गोष्टीवरून सख्ख्या मित्राची गचांडी धरलीत, तेव्हा तुमचे म्हणणे छापील होते, पानाच्या क्रमांकासकट. ते पान लिहिण्यासाठी कुणाला विचारले होते, आणि कुणाचे प्रकरण काढून टाकले होते, याची चौकशी तुम्ही केली नाहीत. त्या पानावर तुमच्या बाजूचे टक्के जास्त होते, तेवढे तुम्हाला पुरले.