केबेहेतची पाणपोई

"मेल्यावर तहान लागते का?"

हा प्रश्न बेकूने आख्ख्या जंगलाला विचारला. घुबडगुरुजी म्हणाले, "परीक्षेला येत नाही ते."

तर बाळांनो, नाईल नदीकाठी एक जंगल होतं. त्या जंगलात बेकू नावाचं वानराचं पोर राहायचं. त्याची ताई नेफी तापाने फणफणली. तिने पाणी मागितलं. बेकू नदीवर धावला. ओंजळ भरून आला, तोवर ताई गेली होती.

बेकूला धीर कसा तो नव्हता. तो तडक मावळतीला, मेलेल्यांच्या राज्यात निघाला. जिवंतांना तिथे मज्जाव होता. पण त्याचं तोंड पाहून दारावरच्या पाणघोड्याला तो मेलेलाच वाटला.

आत ही लांब रांग. रांगेच्या टोकाला कोल्होबा देव पापपुण्य पाहायला एकेकाचं काळीज पिसाशी तोलत होते. रांगेत नेफी उभी होती. ओठ सुकलेले.

"ताई, पाणी मिळालं?"

"नाही रे. आणि तू इथे काय करतोयस, खुळ्या?"

शेजारीच नवीकोरी पाणपोई होती. गार पाण्याचे रांजण होते. रांजणांपुढे कमळाच्या देठांची फीत बांधली होती. फितीमागे एक लहानशी नागीण वेटोळं घालून बसली होती. ती केबेहेत, कोल्होबांची लेक. मेलेल्यांना पाणी पाजणारी छोटी देवी.

"पाणी का देत नाहीस गं?" बेकूने विचारलं.

"आधी मी मडक्यातून द्यायचे. मोठ्या देवांना ते बरं दिसेना. त्यांनी पाणपोई बांधली. आता उद्घाटनाआधी थेंब देता येत नाही. मगरसाहेब यायचेत."

"कधी?"

"निघालेत म्हणतात."

"कधी निघालेत?"

"माझ्या लहानपणी."

बेकू पुढचा विचार करत नसे. मागचाही नाही. त्याने फीत दातांनी तोडली.

फीत तुटताच उद्घाटनासाठी ताटकळलेल्या सगळ्या देवांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी बेकूच्या गळ्यात हार घातला. कोल्होबा म्हणाले, "पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत."

बेकू बोलला, "ताई, पी."

कोनशिलेवर नाव मगरसाहेबांचंच राहिलं. ते निघालेले होतेच ना.

केबेहेतने हसत हसत शेपटीने रांजण कलता केला. बेकूने ओंजळ भरली, ताईच्या ओठांना लावली आणि ती 'पुरे' म्हणेपर्यंत भरत राहिला.

तात्पर्य : पाणी पाजणाऱ्याचे हात तेवढे ओले होतात. म्हणून शहाण्याने पाणपोई बांधावी, पाणी पाजू नये.