टाचा टेकवा

आमच्या लातूरच्या कॅन्सर दवाखान्यात नवीन माणूस लागला की सोनकांबळे सर आधी त्याचं माप घेतात, नाव मागून विचारतात. खिशातून शिंप्याचा टेप काढायचा आणि म्हणायचं, "टाचा टेकवा. श्वास सोडा." वॉचमनला वाटलं, दिवाळीला नवा गणवेश मिळणार. बिचारा अजून वाट बघतोय.

सर मूळचे कंधारचे, फिजिसिस्ट. गाठीला किती किरण द्यायचे याचं गणित ते करतात, मशीन मी चालवते. जास्त ताकदीचा किरण सोडला की मशीनच्या आतल्या धातूतून न्यूट्रॉन उडतात आणि गाठ सोडून सगळ्या अंगाला थोडे थोडे लागतात, त्यातून पुढं कधीतरी नवा कॅन्सर उठू शकतो. ते मोजायला सर कॉम्प्युटरवर आकड्यांची माणसं बनवतात आणि त्यांच्यावर खोटे किरण सोडतात.

"प्रोग्रामसोबत आलेला माणूस परदेशी पैलवान हाय, ताई. आपल्या बाया त्याच्या खांद्याला बी लागत न्हाईत. त्याचा हिशोब ह्यांना कसा चालंल?" म्हणून तो टेप. न्यूट्रॉनना ते 'बिनबुलाये' म्हणतात. "आज बिनबुलाये लई आले," असं ते डबा खाताना म्हणाले, की नवी नर्स आपली पोळी झाकून घेते.

मध्यंतरी हिमायतनगरची एक लहान पोरगी आली. कमरेत खोल गाठ. मोठ्या डॉक्टरांना जास्त ताकदीचा किरण हवा होता, खोलवर नीट पोचतो म्हणून. सरांनी पोरीचं माप घेतलं, तिची आकड्यांची बाहुली केली आणि अडून बसले.

डॉक्टर वैतागले. "आधी तिला जगू द्या. पुढं मोठेपणी काय होईल ते तेव्हा बघू."

"तवा बघायला आपण नसतो, डॉक्टर. तिची माय असती."

शेवटी कमी ताकदीचा किरण जास्त दिशांनी द्यायचं ठरलं. रोजचा वेळ वाढला. बाहेर खोळंबलेल्या लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या, सर नव्हे.

सर असे का झाले, हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची मुलगी रुची लहानपणी अशाच गाठीतून बरी झाली, जास्त ताकदीच्या किरणांनी. ते गणित सरांनीच केलं होतं. आम्ही पेढे खाल्ले. काही वर्षांनी तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि ती गेली. तो त्या न्यूट्रॉनमुळे झाला की नुसत्या नशिबानं, हे कुणालाच सांगता येत नाही. सरांनाही नाही, आणि तेच त्यांना आतून खातं.

रुची माझ्या पल्लवीच्या वर्गात होती. दर पाडव्याला सर फराळाला येतात आणि पल्लवीचं माप घेतात. मला त्याचा राग यायचा. यंदा दिवाळीआधी त्यांच्या खोलीत गेले तर पडद्यावर एक बाहुली होती. नाव रुची, उंची पल्लवीच्या गेल्या पाडव्याएवढी.

"हिच्यावर किरण सोडत न्हाई," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "नुसती वाढवून राहिलो."

मला रडू आलं. घरी येऊन पल्लवीला सगळं सांगितलं.

पाडव्याला सर आले. पल्लवी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा चांगल्या दोन बोटं वर. सर टेप घेऊन वाकले, टाचांकडे बघत राहिले. मग टेपचं टोक जमिनीला टेकवून तेवढंच माप धरलं.

"लई वाढली," म्हणाले.