हवालदारांचं वाळवंट

रहिमतपूरच्या पत्र्याच्या थेटरात इंग्रजी चित्र लागलं, आणि ते बायकोला, विजयमालाबाईंना, दाखवायचंच असं आकाराम हवालदारांनी ठरवलं, तिथंच त्यांचे ग्रह फिरले. एरवी इंग्रजी खेळाला हायस्कूलचे दोन मास्तर आणि सावलीला शिरलेली एखादी शेळी, एवढीच गर्दी. पण ह्या चित्राची गोष्ट निराळी होती. शेकडो वर्षांपूर्वी परमुलखात धर्मयुद्धाला गेलेला एक देखणा गोरा सरदार, घरी वाट बघणारी त्याची बायको, आणि सगळी लढाई वाळवंटात! हवालदारांनी पोस्टरवरची वाळू पाहिली आणि त्यांची छाती दोन इंच फुगली. (पेन्शनीत निघाल्यापासून ती बरीचशी पोटाकडं सरकली होती, पण ते असो.)

कारण तो मुलूख हवालदारांनी पाहिला होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी युनोच्या फौजेतून त्यांची पलटण गाझाला गेली होती. वर्षभर त्यांनी तिथं निळी टोपी घालून पहारा दिला. गावात घरटी एक माणूस लष्करात, त्यामुळं लढाईच्या गप्पांना पारावर कुणी भीक घालत नसे. पण समुद्रापलीकडं जाऊन आलेले हवालदार एकटेच. "वाळू गड्या, नुसती वाळू! झाड न्हाई, पाणी न्हाई, बाईमाणूस तर औषधालाबी न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिकडून घरी लिहिलेल्या पत्रांतही हेच असे. पत्र लिहिताना माणसानं थोडे हाल भोगावेत, त्याशिवाय घरच्यांना आठवण येत नाही, असं त्यांचं मत होतं.

थेटराचे मालक लालासाहेब वस्ताद माणूस. त्यांनी हवालदारांना बाजारातच गाठलं. "हवालदार, तुमी मोठ्यांदा सांगत ऱ्हावा पडद्यावर काय चाललंय त्ये. तुमी सांगणार म्हटल्यावर आख्खं गाव येतंय बघा."

हवालदारांचं इंग्रजी म्हणजे परेडच्या आरोळ्या आणि 'थँक्यू'. पण नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

रविवारी तीनचा खेळ. विजयमालाबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, चुलतसासू हरणाबाईंना बरोबर घेऊन, बायकांच्या बाजूला पुढं बसल्या. मधे कमरेएवढी फळ्यांची आडभिंत, अलीकडं पुरुष. हवालदार आडभिंतीला रेलून उभे राहिले, दोन्हीकडच्या जनतेला ऐकू जावं म्हणून.

लढाई सुरू झाली आणि पुरुषांनी चित्राची झडती घ्यायला सुरुवात केली.

"ह्या उन्हात लोखंडाची बंडी? दुपारपतूर भाजून निघंल गडी!"

"आन पाण्याची गाडी कुठं हाय?" पेन्शनर नाईक धोंडिराम ओरडले. "पाण्याचा बंदोबस्त न बघता एवढी फौज काढली? ह्या जनरलला आदी घरी धाडा!"

घोडी मात्र सगळ्यांना पसंत पडली.

बायकांच्या बाजूला वेगळीच सुनावणी चालली होती. "सात वर्सं झाली त्याला जाऊन," हरणाबाईंनी निकाल दिला, "आन बायकूला एक पत्र न्हाई मेल्याचं! आमचा आकाराम पंधरवड्याला लिवायचा." हे ऐकून हवालदारांचा आवाज आणखी चढला. सरदार काय बोलतोय ते त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ते त्याला शिवाजी महाराजांच्या मावळ्यासारखं खणखणीत बोलायला लावत होते.

मग सरदार जखमी झाला. शत्रूच्या माणसांनी त्याला उचलून एका महालात नेलं, आणि हवालदारांचं वाळवंट संपलं. पडद्यावर बाग आली. कारंजी आली. झाडांना संत्री लगडलेली. दासी ताटं घेऊन निघाल्या, त्यात खजूर, द्राक्षं, संत्री. चांदीच्या पेल्यात सरबत. आणि सगळ्यांच्या मागून आली राजकन्या. अशी देखणी, की पुरुषांची अख्खी बाजू पुढं सरकून बसली.

बायकांच्या बाजूची सगळी डोकी पडद्यावरून सावकाश हवालदारांकडं वळली.

"हवालदार," धोंडिरामांनी विचारलं, "ही कोण म्हणायची?"

"ही... नर्स हाय. मिलिटरी दवाखान्यातली."

"नर्सच्या अंगावर एवढं सोनं?"

"तिकडं तशीच पद्धत हाय."

राजकन्येनं सरदाराच्या केसांतून हात फिरवला. हवालदारांना घाम फुटला. "भन मानलीया त्यानं तिला!" त्यांनी जाहीर केलं, आणि नेमका त्याच क्षणी सरदारानं तिचा मुका घेतला.

पत्रे हादरले. शिट्ट्या, टाळ्या, "वा रं भाऊबीज!" असा नुसता कल्लोळ. लालासाहेब दारात उभं राहून पोट धरून हसत होते. हसल्या नाहीत त्या एकट्या विजयमालाबाई. त्या पडद्याकडं टक लावून बघत होत्या.

घरी जाताना त्या पुढं आणि हवालदार दहा पावलं मागं. "अगं, चित्र हाय त्ये! आईची आण, मी कुणाकडं मान वर करून बघितलं न्हाई!" विजयमालाबाईंनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. घरी भाकरी वाढली, आमटी वाढली, शब्द काही वाढला नाही. हवालदारांना मनापासून वाईट वाटलं. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं ह्या बाईनं घर, ऊस आणि म्हातारा-म्हातारी एकटीनं सांभाळली होती. तिला आपला संशय यावा, हे त्यांना सोसवेना.

सकाळी हरणाबाई आल्या, तसं हवालदारांनी त्यांनाच मधे घातलं. "काकू, तुमी तरी सांगा हिला. मी तसला न्हाई वं."

"कसला?"

"त्या सरदारासारखा."

हरणाबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "आरं बाबा, तुझा कुणाला संशय हाय? आमी त्यो सरदार बघितला, मग भिंतीपलीकडं तुला बघितला. तिथंच समद्या बायकांचं एकमत झालं. राजाची लेक तुझ्याकडं कशापायी बघंल?"

चुलीपाशी बसलेल्या विजयमालाबाईंनी मान डोलावली. हवालदार निर्दोष सुटले होते, पण सुटल्याचा आनंद काही होईना.

"मग ही बोलत का न्हाई?"

विजयमालाबाई फुंकणी हातात घेऊनच उठल्या. "तिथं संत्री व्हती?"

"आं?"

"संत्री! वाळू खातूय म्हणून लिवलं व्हतं तुमी. खरं सांगा."

फुंकणीकडं बघून हवालदारांनी खरं सांगितलं. "व्हती."

"किती?"

"ट्रक भरून यायची. आमच्या तळाला लागून बागाच व्हत्या."

"आन सरबत?"

"त्येबी... व्हतं."

"आन माझा धनी वाळू खातूय म्हणून मी वरीसभर गोड सोडलं व्हतं!" विजयमालाबाईंचा बांध फुटला. "होळीची पोळी न्हाई, दिवाळीचा लाडू न्हाई! गुऱ्हाळात मामंजींनी ताज्या गुळाचा खडा हातावर ठेवला, त्यो वासराला चारला मी! आन तुमी तिकडं संत्री सोलत बसलावता!"

हे हवालदारांना आजच कळत होतं. नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून तिनं इतकी वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. "चुकलं माझं," ते म्हणाले. पलटणीत अठरा वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं.

"नुसतं चुकलं म्हणून भागत न्हाई," हरणाबाई म्हणाल्या. "आजपासनं तूबी वरीसभर गोड सोड. च्याबी बिनसाखरंचा."

शिक्षेची अंमलबजावणी ताबडतोब झाली. हवालदारांच्या हातात काळाकडू चहा आला. विजयमालाबाईंनी नव्या ढेपेचा हा एवढा खडा फोडला आणि त्यांच्यासमोर बसून, डोळे मिटून, चवीचवीनं खाल्ला. खाता खाता त्यांना हसू फुटलं. घर पुन्हा घरासारखं झालं. बायको हसतेय, ऊन अंगणात उतरलंय, हवालदारांना तो चहासुद्धा गोड लागला. पण निर्दोष सुटल्याचं शल्य काही जाईना.

"तसं म्हंजे, माझ्याकडं अगदीच कुणी बघत न्हवतं असं न्हाई हं," ते म्हणाले. "एक संत्री विकणारी बाई व्हती. मला रोज दोन जास्त द्यायची. खुणा करून सांगायची, तुझ्यासारखा देखणा शिपाई साऱ्या फौजेत न्हाई."

दोघी बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

"तिला दिसत व्हतं का नीट?" विजयमालाबाईंनी विचारलं.

खरं बोलायचं असं हवालदारांनी नुकतंच ठरवलं होतं.

"एका डोळ्यानं," ते म्हणाले.