गुंडूअण्णांचे बारा मिलिमीटर

गुंडूअण्णा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला आणि माझ्या बायकोच्या पोळीची जाडी मोजली. मधोमध एकदा, कडेला चारदा. मग चष्मा कपाळावर चढवून निकाल दिला, "मध्ये दोन पॉइंट एक. कडेला दोन पॉइंट सहा. रिजेक्ट नाही हं, पोरी. रीवर्क."

बायको नवी होती, त्यातून पुण्याची. म्हणाली, "भाताचं शीत मोजायला देऊ का, काका?"

अण्णांनी तेही मोजलं. पास झालं.

हे आमचे घरमालक. जे. पी. नगरात खाली ते आणि वर आम्ही. कॉम्प्युटरच्या नोकरीपायी मी बंगलोरला आलो त्या नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अण्णांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आले होते. अण्णा घोड्याची उंचीही सांगत. त्यांची मराठी तेव्हापासून इथेच राहिलेली, त्यामुळे 'थोडं'ला ते 'स्वल्प' म्हणत, 'नको'ला 'बेडा' आणि 'ठीक'ला, सगळ्या गावासारखंच, 'सरी'. नोकरी एका कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात झालेली. तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं नापास करणं हेच काम. निवृत्तीनंतर नापास करायला उरलो आम्ही.

त्यांच्या पत्नी, म्हणजे साऱ्या गल्लीच्या अक्का, दोन वर्षांपासून अर्धांगवायूने आतल्या खोलीत पडून होत्या. अण्णा त्याविषयी बोलत नसत. ते जाडीविषयी बोलत. पापडाच्या, लग्नपत्रिकेच्या, माझ्या कातडीच्या.

एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "पुणेकर, माशांची टाकी करणार. स्वतःच्या हाताने."

"विकत मिळते की, अण्णा. काचेची."

"काच बेडा. अ‍ॅक्रिलिक."

आम्ही दोघं स्कूटरवरून पाट्या करणाऱ्या दुकानात गेलो. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या म्हणजे दंतवैद्यांची नावं आणि 'कुत्र्यापासून सावध' एवढाच दुकानदाराचा अनुभव. त्याने सहा मिलिमीटरचा तक्ता वाजवून दाखवला. "सहा सरी, अण्णा. हत्ती उभा राहील."

"हत्ती उभा राहतो रे. पाणी ढकलतं," अण्णा म्हणाले. "उंची विचार की आधी."

पुढचा पाऊण तास अण्णांनी दुकान अडवून व्याख्यान दिलं. टाकी लांब असो की आखूड, तळाशी पाणी किती जोर लावणार हे उंचीवर ठरतं. लांबी वाढली की तक्ता मधोमध जास्त वाकतो, ते वेगळं. आणि अ‍ॅक्रिलिक काचेसारखं तडकत नाही, आधी फुगतं. फुगलं की सांधा सुटतो. त्यांची टाकी तीन फूट लांब आणि दोन फूट उंच. एवढ्या उंचीला बारा मिलिमीटर. दुकानदार हसला. तीन गिऱ्हाइकंही हसली. मी पुणेकर असल्यामुळे सगळ्यांत मोठ्याने हसलो.

अण्णांनी चिडून सहाचाच तक्ता घेतला. "नापास करून दाखवतो."

व्हरांड्यात टाकी उभी राहिली. सांध्यात सोडायचं रसायन पाण्यासारखं पातळ, ते इंजेक्शनच्या सिरिंजने भरायचं. सिरिंज घरात भरपूर होत्या. पाणी ओतलं आणि टाकीला माझ्यासारखं पोट सुटलं. अण्णा दर तासाला कॅलिपर घेऊन वाकत आणि पोटाचा आकडा वहीत लिहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्याचा सांधा उघडला. माझी डावी चप्पल वाहत वाहत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या तळ्यात पोहोचली असं मी आजही सांगतो. ती तिथे नाही हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

गल्ली गोळा झाली. अण्णा गुडघाभर पाण्यात, म्हणजे पाणी घोटाभर पण अण्णा गुडघाभर असल्यासारखे उभे. चेहऱ्यावर सुवर्णपदक. "रिजेक्ट," ते म्हणाले.

मी शहाणपणा केला. म्हणालो, "अण्णा, हट्ट कशाला? उंची सहा इंचांनी कमी करा. पातळ तक्त्यात भागेल. मासे काय उड्या मारणार आहेत?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं पदक उतरलं. "जाडीवर भांड. रसायनावर भांड. उंचीला हात लावायचा नाही. स्वल्पही नाही."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बारा मिलिमीटरचा तक्ता आला. दुकानदाराने तो कुठूनतरी मागवला, आणि अण्णांनी तो चौदा ठिकाणी मोजल्यावरच उतरवून घेतला. एका जागी अकरा पॉइंट आठ भरला तेव्हा दुकानदार देवाचं नाव घेऊ लागला. पास झाला.

नवी टाकी व्हरांड्यात सात दिवस पाण्याने भरून उभी होती. अण्णांनी शेजारी खुर्ची टाकली. जेवणही तिथेच. मी वरून विचारी, "पोट किती, अण्णा?" ते वर न बघता म्हणत, "तुझ्यापेक्षा कमी." सातव्या दिवशी त्यांनी वही मिटली.

टाकी रिकामी करून उचलायला मी, दुकानदार आणि शेजारचे दोघे. मला वाटलं, दिवाणखान्यात ठेवायची, पाहुण्यांना दाखवायला. अण्णा पुढे चालत होते, उलटे, हात पसरून. "आत. अजून आत."

आतल्या खोलीत अक्कांच्या पलंगाला लागून बुटकं टेबल तयार होतं. पलंगावर जे माणूस उठून पळू शकत नाही, त्याच्या उशापाशी काच आणि पातळ तक्ता का नको होता, हे मला टाकी हातात असताना कळलं. आणि हसायला मी दुकानात किती जोर लावला होता तेही आठवलं.

टेबलामागच्या भिंतीवर पेन्सिलच्या दोन रेघा होत्या, पाणसळ लावून मारलेल्या. टाकी ठेवली तशा त्या आरपार दिसू लागल्या. खालची तळाच्या बोटभर वर. तिच्यापुढे अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'झोपून'. वरची, जिथपर्यंत पाणी येणार होतं त्याच्या बोटभर खाली. तिच्यापुढे, 'बसून'.

अक्का कधी उठून बसणार नाहीत, असं डॉक्टरांनी अण्णांना माझ्यादेखत सांगितलं होतं. अण्णांनी तेव्हा नुसतं "सरी" म्हटलं होतं.

मी कापायला निघालो होतो ते सहा इंच हे होते.

संध्याकाळी पाणी भरलं, मासे सोडले. अक्का कुशीवर होत्या. एक लाल मासा त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन थांबला. बऱ्याच वेळाने त्या अर्ध्या ओठाने, शब्द चाचपडत, नवऱ्याला म्हणाल्या, "जाडी... किती?"

"बारा," अण्णा म्हणाले आणि कॅलिपर शोधायला म्हणून बाहेर गेले. कॅलिपर त्यांच्या खिशातच होता.

पुढे मी भाडं द्यायला सकाळी खाली जाई तेव्हा अण्णा फडक्याने टाकी पुसत असत. सुरुवात नेहमी वरच्या सहा इंचांपासून.