सातभाई सरांचा उरलेला क्लॉज

इंग्रजी बोलता बोलता माणूस गेला, तर त्याचं अर्धवट वाक्य घरात बसून राहतं. ते फ्रेज आहे की क्लॉज, हे ठरवायचं काम नांदवणच्या नगरपरिषदेत माझ्याकडे आहे. मराठीत हा प्रश्न येत नाही. मराठी वाक्य अर्धं राहिलं तरी घरातली चार माणसं ते आपापल्या सोयीने पुरं करून घेतात. इंग्रजीला ती सवय नाही.

काम तसं सरळ आहे. करणारा कुणी नाही, काही घडतही नाही, अशी नुसती शब्दांची जुडी असेल तर ती फ्रेज. तिला आमची हातगाडी जुन्या जकात नाक्यामागच्या गोदामात नेते. एका मामलेदाराचं ‘इन स्पाइट ऑफ’ तिथे माझ्या आधीपासून पडून आहे, कुणी चौकशीलाही आलेलं नाही. मेन क्लॉजचा त्रास नसतो. तो स्वतःच्या पायावर उभा असतो आणि तेराव्याचं जेवण झालं की आपणहून निघून जातो. राहता राहिला सबॉर्डिनेट. त्याला आधार लागतो, म्हणून त्याला घरात एकटं सोडता येत नाही आणि बसल्या जागेवरून हलवताही येत नाही. घरच्यांपैकी कुणी वाक्य पुरं केलं तर तो जातो, नाहीतर बसून राहतो.

सातभाई सर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. उदाहरणाच्या वाक्यांत ते नेहमी स्वतःचं नाव घालत. निम्मं गाव त्र्यंबकला झाडावर चढवून, विहिरीत पाडून आणि परीक्षेत नापास करून इंग्रजी शिकलं, मीही त्यातलाच. निवृत्तीनंतरही संध्याकाळी घरात येरझाऱ्या घालत ते वाक्यं जुळवत असायचे. अशाच एका संध्याकाळी ‘इफ त्र्यंबक कम्स होम लेट’, म्हणजे त्र्यंबक घरी उशिरा आला तर, एवढं म्हणून ते दिवाणावर टेकले ते उठलेच नाहीत.

अर्ज त्यांच्या मुलीने, वृंदाने केला होता. ती नाशिकला बँकेत आहे. श्रावणात तिची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून वृंदा आईला नाशिकला चल म्हणून मागे लागली होती, आणि आई दिवाणाकडे बोट दाखवून नाही म्हणत होती. मी गेलो तेव्हा वृंदाने मला दारातच गाठलं.

“फ्रेज लिहा आणि घेऊन जा,” ती हळूच म्हणाली. “आई इथे एकटी पडून मरेल हो.”

मला तिचं म्हणणं पटत होतं. पण पटलं म्हणून काही लिहिता येत नाही.

क्लॉज दिवाणाच्या कडेला, दाराकडे तोंड करून बसला होता. सबॉर्डिनेट साधारण असेच बसतात. मला तो बघताक्षणी ओळखू आला, पण माझ्या ओळखण्याला नियमात किंमत नाही. ज्याच्या कानावर वाक्य पडलं त्यानेच त्यातला कर्ता नावानिशी सांगायचा. नाव बरोबर असेल तर क्लॉज हलतो. हलला नाही तर त्याला फ्रेज धरून हातगाडी बोलवायची. सर गेले तेव्हा घरात त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई एकट्याच होत्या, म्हणून मी त्यांना विचारलं.

“हेच की,” त्या म्हणाल्या.

क्लॉज हलला नाही. मी त्यांना नाव सांगावं लागेल असं समजावलं. त्या ‘सर’ म्हणाल्या, मग ‘वृंदाचे बाबा’ म्हणाल्या. तो ढिम्म. मग त्यांनी पदराशी चाळा करत विचारलं, उखाण्यात घेतलं तर चालेल का. दुर्दैवाने त्यावर परिपत्रक आहे. उखाण्यात चांदीच्या ताटापासून महादेवाच्या पिंडीपर्यंत बरंच काही येतं, आणि नेमका कर्ता कोण ते कळेनासं होतं. मी नाही म्हणालो आणि मला वाईट वाटलं.

वृंदा म्हणाली, सांगता येत नाही ना, मग विषय संपला. तिने खिडकीतून रस्त्यावर थांबलेल्या हातगाडीवाल्याला हाक मारली. गाडी फाटकाशी येऊन लागली आणि तिचा दांडा जमिनीवर टेकल्याचा आवाज आत आला.

कुमुदिनीबाई माझ्याकडे वळल्या. “सावळ्यांचा ना रे तू? अरे, लग्नात घेतलं होतं, नंतर कुणाच्या बारशाला नाहीतर डोहाळजेवणाला. ते गेल्यावर तर कुणी नाव घ्यायला सांगतसुद्धा नाही.”

मग त्या दिवाणाकडे बघून, भाजीवाल्याला भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, “त्र्यंबक.”

क्लॉजने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मी सबॉर्डिनेट, अटीचा, असं लिहून घेतलं आणि गाडीवाल्याला परत जायला सांगितलं.

वृंदा हुशार आहे. तिने लगेच विचारलं, घरच्यांनी वाक्य पुरं केलं तर हा जाईल ना? मी हो म्हणालो. मुलगी घरची धरतात का? मी त्यालाही हो म्हणालो. तिचं इंग्रजी बापाच्या हाताखाली घडलेलं. पुढचा मेन क्लॉज तिच्या ओठावर तयार होता, तो मला दिसत होता. क्लॉजही दिवाणावर थोडा पुढे सरकून बसला. जायची तयारी झाली की ते तसं बसतात.

“थांब,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “तू बरोबरच बोलशील. पण पुरं झालं की ते जातील गं. अजून नुसता उशीर झालाय.”

वृंदाचं तोंड उघडं होतं ते तिने मिटलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघितलं. कामावर असताना आम्ही तेवढंच करू शकतो. तिने आईला विचारलं, पुन्हा पडलीस तर काय करायचं.

मग वृंदाने माझ्याकडे वळून विचारलं, घरात एकटं सोडायचं नाही म्हणजे कुणी सोबत असायला हवं, आईच हवी की मुलगी चालेल? मी म्हणालो, दोघींपैकी कुणीही चालेल, दोघी असल्या तर उत्तमच. तिने आईची भरून ठेवलेली बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकली. आतून फोनवर बँकेतल्या कुणाशी तरी बदलीबद्दल ती बोलत असल्याचं ऐकू आलं.

मी कागद आवरून उठलो. चपला घालताना मागे पाहिलं तर कुमुदिनीबाई दिवाणापाशी उभ्या होत्या. सर असताना त्या दिवाणावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शिकवणीला आम्ही असायचो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असायच्या.

“त्र्यंबक,” त्या म्हणाल्या, “सरक जरा.”

तो सरकला.