टोपीचा खिळा

"आबा, लागलं. डोकं खिळ्याला लागलं."

दिवाळी पाडव्याच्या सकाळी न्हाऊनमाखून मनकर्णा माजघराच्या चौकटीला पाठ टेकून उभी होती. इतकी ताठ, की शाळेच्या कवायतीत एवढी ताठ राहिली असती तर मास्तरांनी कधीच पुढच्या रांगेत घेतलं असतं. तिच्या डोक्यावर चौकटीत ठोकलेला टोपीचा खिळा होता. हा खिळा म्हणजे वडिलांनी दिलेला शब्दच. दोन वर्षांपूर्वी रंगनाथने स्वतःची टोपी त्यावर अडकवत सांगितलं होतं की, ज्या दिवशी तुझं डोकं हितवर पोचंल, त्या दिवशी माझी सायकल तुझी. वस्तीपासून पुणतांब्याची शाळा तीन मैल. थोरला भाऊ गोरक्ष आपल्या सायकलवर बहिणीला घ्यायला लाजायचा, म्हणून मनकर्णा ते तीन मैल रोज पायी तुडवायची आणि रोज त्या खिळ्याकडे बघायची.

दर पाडव्याला पोरांची उंची मोजायची आणि चौकटीवर विळ्याने खूण करायची, ही रंगनाथची जुनी हौस. आजूबाजूच्या वस्तीवरची पोरंही हौसेने येऊन मोजून जात. पण यंदाची खूण बघून तो विळा हातात धरून तसाच उभा राहिला. गोरक्ष सात बोटं वाढला होता. मनकर्णा सहा. त्याने परत मोजलं. मग बायकोला, रतनबाईला, चुलीपासून उठवून तिच्याकडून मोजून घेतलं. तिनेही तेवढंच सांगितलं, वर म्हणाली की करंज्या जळतील, आता मी जाते.

"सोमवारपासून शाळा सुरू हुती ना?" रंगनाथ म्हणाला. "सायकल घिऊन जा."

आता पोरं एकदम एवढी वाढली कशाने, याचा विचार करायला रंगनाथला फार वेळ लागला नाही. चैत्रात त्याने विलायती जातीची संकरित गाय घेतली होती. तिचं दूध म्हणजे नुसतं पाणी, असं सगळ्यांनी हिणवलं होतं. शेजारचा कारभारी तर तिला 'तुझी विहीर' म्हणायचा. रंगनाथने टोपी घातली, ऐटीत बाहेर निघाला आणि दाराची वरची पट्टी त्याच्या कपाळावर खाडकन आदळली. दिवाळीच्या आधीपासून त्या पट्टीशी त्याचं हे असंच चाललं होतं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. चौकटीला एक शिवी हासडून तो वस्तीवस्तीवर सांगत सुटला.

चार दिवसांत लोकांच्या तोंडी सात बोटांची दहा झाली. दुधासाठी दारात तांबे घेऊन बाया उभ्या राहू लागल्या. गोरक्ष तर मान वाकडी करूनच दारातून जायचा आणि पोलीस भरतीच्या गोष्टी बोलायचा.

मनकर्णाचं मात्र शनिवारी बिनसलं. आई कामात होती म्हणून उंबऱ्याला हळदी-कुंकू लावायला ती बसली आणि हात थबकला. या उंबऱ्याला तिने इतक्या ठेचा खाल्ल्या होत्या की त्याची उंची तिच्या अंगठ्याला पाठ होती. आठ बोटं. आता चारच दिसत होती. तिने बोटं लावून पाहिली. मग आत-बाहेर चकचकणाऱ्या शहाबादी फरशीकडे पाहिलं. उसाचं बिल आलं म्हणून दिवाळीआधीच आबांनी माजघरात आणि ओसरीवर मुरूम टाकून ती बसवून घेतली होती. फरशी चार बोटं वर आली होती. पोरं नव्हे.

म्हणजे ती वाढली होती दोन बोटं. खिळा अजून चार बोटं लांब होता. आणि सायकल त्याच्या पलीकडे.

'मोठ्या माणसांनी मोजलंय, मोठ्या माणसांनी निस्तरावं,' असं मनाला बजावून ती गप्प बसली. पण जेवून उठल्यावर तिने उंबऱ्याला पुन्हा बोटं लावून पाहिली.

रविवारी तालुक्याचे ढोरांचे डॉक्टर आले. गाय घ्यायचा सल्ला त्यांचाच, म्हणून रंगनाथने मुद्दाम निरोप धाडला होता. ओसरीवर वीस-पंचवीस माणसं जमली. डॉक्टरांनी खुणा पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या आणि वही काढली. नेवाशाला पुढच्या आठवड्यात शेतकऱ्यांचा मेळावा आहे, तिथे मी हे सांगणार, तुम्हीही चला, असं ते म्हणाले. रंगनाथची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली.

तेवढ्यात कारभारी पुढे आला. सोबत त्याचा मुलगा सूर्यभान. मागल्या पाडव्याला त्याचीही खूण याच चौकटीवर झाली होती.

"माझ्याबी पोराला मोजा," तो म्हणाला. "त्यानं तुमच्या विहिरीचा थेंब न्हाई घेतला. आमच्या म्हशीचं पितंय ते."

सूर्यभान भरला सहा बोटं. कारभारीने मिशीवर हात फिरवला. डॉक्टरांनी वहीतली गाय खोडून शेजारी म्हैस लिहिली. रंगनाथ म्हणाला की, एवढ्या जवळ राहता, तर आमच्या गायीचं वारं लागलं असंल. त्यावर कारभारी म्हणाला की, वाऱ्यानं पोरं वाढत असती तर आमी म्हशी कशाला पाळल्या असत्या. जमलेल्या लोकांत गाय आणि म्हैस असे दोन तट पडले.

मग कारभारीची आई साळूबाई काठी टेकत उठली. वय साठीच्या पुढे. गेल्या वर्षी गंमत म्हणून तिनेही खूण करून घेतली होती.

"मी कोऱ्या चहावर हाय," ती म्हणाली. "मला बघा."

साळूबाई चार बोटं वाढली होती.

गोठ्यात गाय आपली रवंथ करत होती. डॉक्टरांची लेखणी हवेत थांबली. त्यांनी पुटपुटत 'चहा' असं लिहायला घेतलं, आणि मनकर्णाला दिसलं की आता हे नेवाशाला जाणार. आबा तिथे टोपी घालून पुढच्या रांगेत बसणार आणि सगळा मेळावा हसणार. तिने कोपऱ्यात पुसूनबिसून ठेवलेल्या सायकलकडे एकदा पोटभर बघून घेतलं.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्या कपाळाला टेंगूळ कशानं आलं?"

"चौकटीनं. त्याचं काय आता?"

"ह्याच दारातनं तुमी वीस वर्सं जाताय. आधी कधी लागली न्हाई. मग तुमीबी वाढला का?"

रंगनाथचा हात कपाळाकडे गेला. मनकर्णाने उंबऱ्यापाशी बसून सगळ्यांना बोटं लावून दाखवली, आधी आठ, आता चार. माणसांनी खाली फरशीकडे पाहिलं, वर खुणांकडे पाहिलं. डॉक्टरांनी वही हळूच खिशात घातली.

"मंजी माझी वाढ खोटी?" साळूबाईने विचारलं आणि ती अशी हसत सुटली की तिला धरून बसवावं लागलं. सगळी ओसरी हसली. गोरक्ष तेवढा हसला नाही. त्याची पोलीस भरती चार बोटांनी हुकली होती.

माणसं पांगल्यावर रंगनाथ पक्कड आणि हातोडी घेऊन चौकटीपाशी आला. मनकर्णाला कळलं. खिळा आता चार बोटं वर जाणार. न्यायाने तसंच होतं. तिने नजर पायांकडे वळवली.

रंगनाथने खिळा उपटला आणि खिशात टाकला.

"परत ठोकायचा न्हाई का?" रतनबाईने विचारलं.

"आता काय मोजायचं? डॉक्टरच्या डोक्यात जे आलं न्हाई, ते हिच्या डोक्यात आलं. लई वर गेली पोरगी." मग तो लगेच खेकसला, "बघत काय हुबी राहिलीस? सायकल आण हिकडं."

पण सायकल फरशीसारखी थापा मारत नाही. सीटवर बसल्यावर मनकर्णाचे पाय पायडलाला पोचेनात, बरोब्बर चार बोटं अधांतरी. रंगनाथने बाभळीचे दोन ठोकळे तासले, चार बोटं जाडीचे, आणि तारेने दोन्ही पायडलांना करकचून बांधले.

सोमवारी मनकर्णा निघाली. वाटेवरून जाणाऱ्या कारभारीने ओसरीवरच्या रंगनाथला हटकलं, "खरी किती वाढली रं पोरगी?"

"धा बोटं," रंगनाथ म्हणाला.

ती वळणाआड जाईपर्यंत तो ओसरीवर ताठ मानेने उभा होता. मग त्याच ताठ मानेने घरात शिरायला वळला, आणि खाडकन आवाज झाला. रतनबाई आतून शिवीची वाट बघत राहिली. पण त्या दिवशी तो चौकटीला काहीच बोलला नाही.