मोठ्या टोपीची बंदूक

कुलूपवाल्यानं बंदूक ओट्यावर आडवी टाकली, तशी ताईनं हातातली पळी त्याच्यावर रोखली.

"उचल आधी ती. मला भाजी चिरायचीय."

"ताई, उजेड इथंच आहे गं. जुनी बोंडी गंजून बसलीय, एवढी निघाली की झालं."

"चार दिवस तुझी बोंडी अडलीय आणि माझा ओटा!"

बंदूक ठासणीची होती, पणजोबांच्या हातची. नळीच्या तोंडातून दारू ठासायची आणि मागच्या चिमुकल्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटायचा, बोंडीच्या भोकातून ठिणगी आत उतरायची आणि धडाम! गोळी नसायचीच. दरवर्षी तळ्यावरची पाच गल्ल्यांच्या होड्यांची शर्यत कुलूपवाल्याच्या या नुसत्या बारानं सुरू व्हायची.

पलीकडच्या तीरावर, शेवटच्या खांबापाशी, गणिताच्या बाई उभ्या असत. पिवळी छत्री, मुठीत वेळ मोजायचं घड्याळ, डोळ्यांना दुर्बीण. आवाजाला पाणी ओलांडायला वेळ लागतो, म्हणून बाई धूर दिसताच घड्याळ दाबत. म्हणजे वर्षातून एकदा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत का होईना, ती दुर्बीण फक्त त्याच्यावर लागलेली असे. मग शर्यत संपायची. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे, मध्ये पाणीच पाणी. गावाची कुलपं उघडणाऱ्या या माणसाला बाईंपुढे तोंड उघडणं कधी जमलं नव्हतं. जे बोलायचं ते बंदूकच बोलायची, आणि तिला एकच शब्द येत होता.

गेल्या वर्षी तोही अडला. छोटी टोपी फुसकी निघाली. दुसरी उडाली खरी, पण तोवर दुर्बीण खाली गेली होती. ती खाली गेलेली दुर्बीण त्याच्या उरात वर्षभर सलत राहिली. म्हणून यंदा मोठ्या टोप्या. ठिणगी दांडगी, दगा नाही. फक्त मोठ्या टोपीला बोंडीही मोठी लागते, आणि जुनी हलायला तयार नव्हती.

त्यानं तेल सोडलं, पाना लावला. पुन्हा तेल. पान्याचा दात तुटला. आणखी तेल. पाचव्या दिवशी जुनी बोंडी निघाली, नवी बसली, तर घोड्याच्या तोंडात मोठी टोपी मावेना. मग कानस आली आणि ओट्यावर लोखंडाचा भुगा पडला.

"आमटीत लोखंड असावं म्हणतात," ताई म्हणाली, "पण इतकं?"

शर्यतीच्या सकाळी एकच काम उरलं. बंदुकीत तेल गेलं असेल तर दारू भरण्याआधी दोन-तीन टोप्या नुसत्याच फोडून आतला ओलावा जाळायचा. ठासणीवाल्याचा हा पहिला धडा. त्यानं घोडा उचलला, तोच आतून ताई ओरडली, "माझं डोकं दुखतंय! फटाफट केलंस तर बघ!"

तळ्यावर करू, असं म्हणून तो निघाला. तळ्यावर पोचला, तर पलीकडे पिवळी छत्री उघडलेली. बघता बघता धडा तळ्यात बुडाला. त्यानं दारू ठासली, टोपी बसवली, बंदूक आभाळाकडे केली. दुर्बीण वर झाली. त्यानं चाप ओढला.

टिक्क.

टोपी फुटली, बंदूक मुकीच. दुसरी टोपी. टिक्क.

"काका, आमचे केस पिकायच्या आत उडवा!" होडीतून कुणीतरी ओरडलं.

आत काय झालंय ते त्याला उमगलं. दारू आठवडाभराचं तेल पिऊन बसली होती. पण अडलेला बार उशिरानंही सुटू शकतो, म्हणून नळी माणसांकडे वळवायची नाही. त्यानं ती ओसाड लव्हाळ्यांकडे धरली आणि दगडासारखा उभा राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मागे वल्ह्यांचा आवाज झाला, मग पावलांचा.

"काय झालं?" बाईंचा आवाज!

"पुढं येऊ नका!" तो लव्हाळ्यांना म्हणाला. इतक्या वर्षांनी बाईंशी पहिलं वाक्य, तेही हे, आणि पाठ फिरवून.

"नाही येत. आहे तिथूनच सांगा."

"दारू भिजली तेलानं. मोठ्या टोप्या घेतल्या ना... गेल्या वर्षी तुम्हाला ताटकळावं लागलं म्हणून."



"मी तक्रार केली होती का?" बाई हळूच म्हणाल्या. "दरवर्षी तुमची बंदूक उडायचीच. मग इकडे यायचं कशाच्या निमित्तानं?"

त्यानं बोंडी काढली, भोकातून चिमूटभर कोरडी दारू आत सोडली, बोंडी पुन्हा आवळली आणि टोपी चढवली.

धडाम!

होड्या सुटल्या. धुरातून दोघांचे खोकले ऐकू आले, मग एकदमच बाई किंचाळल्या, "अगंबाई! घड्याळ!"

घड्याळ मुठीत तसंच, दाबायचं राहिलेलं. पलीकडे शेवटचा खांब एकटाच उभा. त्या दिवशी पाच होड्या पहिल्या आल्या आणि पाचही गल्ल्यांत भांडणं झाली. शेवटी शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं त्याला हाक मारली. "काका, छोट्या टोप्या आल्यात. अगदी खात्रीच्या. जुनी बोंडी परत बसवा, एकही फुकट जाणार नाही."

कुलूपवाल्यानं डबी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

"मोठ्याच दे," तो म्हणाला. "आणि तेलाची बाटली दे. मोठी."